स्टेंट पुन्हा अरुंद होईल का, हे रक्त सांगू शकतं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. बाबा ५९ वर्षांचे, शाकाहारी, ९ वर्षांपासून मधुमेह आणि तेव्हापासून मेटफॉर्मिन चालू. तीन आठवड्यांपूर्वी अटॅक आला, हृदयाच्या एलएडी या मुख्य नळीत ३२ मिलिमीटर लांबीचा औषधी स्टेंट (नळी उघडी ठेवणारी, औषध सोडणारी जाळी) टाकला. घरी आल्यावर, अटॅकनंतर अकराव्या दिवशी, एका लॅबचं ‘हार्ट पॅकेज’ केलं. त्यात एचएस-सीआरपी (दाहाचं माप) ७.४, होमोसिस्टीन २६, लायपोप्रोटीन-ए (कोलेस्टेरॉल वाहणारा एक कण) ७१, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ९.१ आणि एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) ९२ आलं. एका नातेवाइकांनी सांगितलं की सीआरपी आणि होमोसिस्टीन वाढलंय म्हणजे स्टेंट सहा महिन्यांत ब्लॉक होणार. मुलगी विचारते आहे की हे खरं का, आणि याहून नेमकी अशी कुठली रक्ततपासणी आहे का.

ताई, आधी सरळ उत्तर देतो. असं होणार हे या आकड्यांवरून कोणीही सांगू शकत नाही. स्टेंट पुन्हा अरुंद होईल की नाही हे खात्रीने सांगणारी एकही रक्ततपासणी आज नाही. पण तुमच्या हातातला कागद निरुपयोगी आहे असंही नाही. त्यातले दोन आकडे बाबांसाठी फार महत्त्वाचे आहेत, आणि ज्यांच्यामुळे तुमची झोप उडाली आहे ते हे दोन नव्हेत. मी २२ वर्षं कॅथलॅबमध्ये, म्हणजे अँजिओप्लास्टी होते त्या खोलीत, काम करतो आहे आणि हा प्रश्न मला दर आठवड्याला कोणीतरी विचारतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

स्टेंटच्या बाबतीत ‘ब्लॉक झाला’ हा एकच शब्द दोन अगदी वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो. पहिली म्हणजे स्टेंटमध्ये अचानक रक्ताची गुठळी होणं. ही तासाभरात जिवावर बेतते आणि बऱ्याचदा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या मध्येच बंद केल्याने होते. दुसरी म्हणजे स्टेंटच्या आत हळूहळू नवी पेशीजालाची साय धरणं. वैद्यकीय भाषेत रीस्टेनोसिस म्हणतात ते हेच. फुगा फुगवून जाळी भिंतीत दाबली की नळीच्या आतल्या अस्तराला जखम होते. जखम भरून काढायला भिंतीतल्या स्नायुपेशी वाढतात आणि आतल्या बाजूला सरकतात. हे भरून येणं मापात झालं तर जाळी झाकली जाते, आणि ते हवंच असतं. मापाबाहेर गेलं तर नळी पुन्हा अरुंद होते. अँजिओग्राफीत स्टेंटच्या आत किंवा त्याच्या टोकांपासून ५ मिलिमीटरच्या आत ५० टक्के किंवा जास्त अरुंदपणा दिसला की आम्ही त्याला रीस्टेनोसिस म्हणतो.

हा त्रास अँजिओप्लास्टीइतकाच जुना आहे. झुरिकमध्ये आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी १६ सप्टेंबर १९७७ रोजी पहिली कोरोनरी अँजिओप्लास्टी केली. नुसत्या फुग्याच्या त्या काळात दर दहांपैकी तीन-चार रुग्णांची नळी सहा महिन्यांत पुन्हा अरुंद व्हायची. साध्या धातूचे स्टेंट आल्यावर हे प्रमाण खाली आलं, पण मोठंच राहिलं. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या बेनेस्टेंट अभ्यासात फुग्याच्या गटात ३२ टक्के आणि स्टेंटच्या गटात २२ टक्के रुग्णांत रीस्टेनोसिस होतं. खरा फरक पडला तो पेशींची वाढ रोखणारं औषध सोडणाऱ्या स्टेंटमुळे. सिरोलिमसचा सायफर स्टेंट अमेरिकेत २००३ साली मान्य झाला. आज औषधी स्टेंटमध्ये हे प्रमाण साधारण ५ ते १० टक्क्यांवर आलं आहे. बाबांचा मधुमेह आणि स्टेंटची ३२ मिलिमीटर लांबी पाहता त्यांची जोखीम सरासरीपेक्षा थोडी वर धरावी लागेल. तरीही स्टेंट उघडा राहण्याचीच शक्यता कितीतरी जास्त आहे.

आता सीआरपी. ही कल्पना हवेतून आलेली नाही. नळीतली जखम भरणं ही दाहाची प्रक्रिया आहे आणि सीआरपी हे शरीरातल्या दाहाचं माप आहे. ज्यांचं सीआरपी आधीपासून जास्त आहे त्यांच्यात नळी पुन्हा अरुंद होण्याचं प्रमाण जास्त, असं फुग्याच्या आणि साध्या स्टेंटच्या काळातल्या अनेक अभ्यासांत दिसलं होतं. इटलीत २००२ साली इम्प्रेस नावाचा एक छोटा पण विचार करायला लावणारा अभ्यास झाला. स्टेंटनंतर ७२ तासांनी ज्यांचं सीआरपी वाढलेलंच होतं अशा ८३ रुग्णांतल्या निम्म्यांना ४५ दिवस प्रेडनिसोन हे स्टेरॉइड दिलं. सहा महिन्यांनी रीस्टेनोसिस स्टेरॉइडच्या गटात ७ टक्के आणि दुसऱ्या गटात ३३ टक्के होतं. पुढे २०१३ साली मधुमेही रुग्णांत साध्या स्टेंटनंतर सहा महिने कोल्चिसिन हे दाह कमी करणारं औषध देऊन पाहिलं, तेव्हा प्रमाण ३३ वरून १६ टक्क्यांवर आलं. म्हणजे दाहाचा संबंध आहे हे नक्की.

मग मी रुग्णांचं भविष्य सीआरपीवरून का सांगत नाही? औषधी स्टेंट आल्यावर हे नातं बरंच सैल झालं, हे पहिलं कारण. जाळीतून सुटणारं औषधच ती पेशीवाढ दाबतं. त्यामुळे आज वाढलेलं सीआरपी पुढच्या अटॅकची आणि मृत्यूची एकूण जोखीम सांगतं, पण त्या एका स्टेंटचं काय होईल ते फारसं सांगत नाही. दुसरं कारण तुमच्या कागदावरच आहे. बाबांचं रक्त अटॅकनंतर अकराव्या दिवशी घेतलं. अटॅकमध्ये हृदयाचा स्नायू मरतो आणि त्याला प्रतिसाद म्हणून सीआरपी पहिल्या दोन-चार दिवसांत खूप वर जातं, नंतर काही आठवडे हळूहळू उतरतं. ७.४ हा आकडा बहुधा त्या उतरणीवरचा आहे. एचएस-सीआरपीचे १ पेक्षा कमी, १ ते ३ आणि ३ पेक्षा जास्त हे जोखमीचे टप्पे निरोगी अवस्थेत घेतलेल्या रक्तासाठी आहेत. साधी सर्दी, दाढेचा गळू, लघवीचा संसर्ग, चिकुनगुनियानंतरची सांधेदुखी, यातल्या कशानेही हा आकडा उडी मारतो. माझ्याकडे एक गृहस्थ सीआरपी १८ आलं म्हणून घामाघूम होऊन आले होते. तोंड उघडायला लावलं, तर खालच्या दाढेशी हिरडी सुजून पू झालेला. दंतवैद्यांकडे पाठवलं. महिन्याने तेच सीआरपी १.१ होतं. बाबांचं परत पाहायचंच असेल तर अटॅकला दोन महिने झाल्यावर, ताप-सर्दी नसताना पाहा. तेव्हा २ च्या वर राहिलं तर डॉक्टरांशी जरूर बोला. पण ती चर्चा बाबांच्या एकूण जोखमीची असेल, या स्टेंटची नव्हे.

होमोसिस्टीनची गोष्ट मला अधिक जवळची वाटते. एखादा आकडा सुधारला म्हणजे रुग्ण सुधारला असं नसतं, हे आमच्या पिढीतल्या अनेक कार्डिऑलॉजिस्टना या एका रेणूने शिकवलं. होमोसिस्टीन नळीच्या अस्तराला अपाय करतं, आणि फॉलिक ॲसिड, बी१२, बी६ या स्वस्त जीवनसत्त्वांनी ते उतरतं. २००१ साली स्वित्झर्लंडमधल्या २०५ रुग्णांच्या अभ्यासात अँजिओप्लास्टीनंतर या गोळ्या दिल्या, तर रीस्टेनोसिस ३७.६ टक्क्यांवरून १९.६ टक्क्यांवर आलं. काही पैशांची गोळी आणि निम्मं प्रमाण! तेव्हा आम्ही सगळ्यांनी ती चिठ्ठीत लिहायला सुरुवात केली, मीही केली. तीनच वर्षांनी, २००४ साली, ६३६ रुग्णांचा दुसरा अभ्यास आला. या वेळी सगळ्यांना साधे स्टेंट टाकलेले होते. होमोसिस्टीन ठरल्याप्रमाणे उतरलं, पण रीस्टेनोसिस जीवनसत्त्वांच्या गटात ३४.५ टक्के आणि औषध नसलेल्या खोट्या गोळीच्या गटात २६.५ टक्के निघालं. म्हणजे उलटंच झालं. पेशी वाढायला फॉलिक ॲसिड लागतंच, आणि स्टेंटमध्ये आपल्याला नेमकी तीच वाढ नको असते, हे एक संभाव्य कारण. पहिल्या अभ्यासातला फायदा मुख्यतः नुसत्या फुग्याने उघडलेल्या नळ्यांत होता, ही गोष्ट आम्ही त्या उत्साहात नीट वाचली नव्हती.

म्हणून बाबांचं होमोसिस्टीन २६ आहे यावरून मी त्यांच्या स्टेंटबद्दल काही बोलणार नाही. पण त्या आकड्याकडे दुर्लक्षही करणार नाही, कारण तो दुसरंच काहीतरी सांगतो आहे. पुण्यात केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावातले, झोपडपट्टीतले आणि शहरी मध्यमवर्गातले मिळून ४४१ पुरुष तपासले होते. त्यांच्यातल्या सुमारे दोन तृतीयांश जणांत बी१२ कमी आणि निम्म्याहून अधिक जणांत होमोसिस्टीन जास्त होतं. शाकाहार हे त्यामागचं मोठं कारण. त्यावर बाबांचं ९ वर्षांचं मेटफॉर्मिन, आणि तेही बी१२चं शोषण कमी करतं. तेव्हा बी१२ची पातळी तपासा. ती कमी निघेल असं मला जवळजवळ खात्रीने वाटतं. पायाला मुंग्या येतात का, चालताना तोल जातो का, हेही त्यांना विचारा. बी१२ कमी असेल तर ते भरून काढायचं, मज्जातंतूंसाठी आणि रक्तासाठी. तुम्हाला पुन्हा धास्ती वाटू नये म्हणून सांगतो, २००४ च्या त्या अभ्यासातही मधुमेही रुग्णांत आणि ज्यांचं होमोसिस्टीन १५ किंवा त्याहून जास्त होतं त्यांच्यात ही हानी दिसली नव्हती. बाबा या दोन्हींत बसतात.

लायपोप्रोटीन-ए ७१. लॅबचं एकक मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर आहे ना, एवढं बघून घ्या, कारण काही लॅब नॅनोमोलमध्ये देतात आणि तिथे ७१ चा अर्थ वेगळा होतो. मिलिग्रॅममध्ये ५० च्या वर म्हणजे जास्त. हा आकडा जन्मतः ठरलेला असतो. आहाराने, व्यायामाने किंवा स्टॅटिन या कोलेस्टेरॉलच्या गोळीने तो खाली येत नाही. स्टेंट अरुंद होण्याशी त्याचा संबंध काही अभ्यासांत दिसला, काहींत नाही. मात्र नळ्यांच्या आजाराशी असलेला संबंध पक्का आहे. याचा अर्थ बाबांचं एलडीएल आपण अधिक कसोशीने खाली आणायचं. आणि ताई, हा आकडा आनुवंशिक आहे, म्हणून तुम्ही आणि तुमच्या भावंडांनी तो आयुष्यात एकदा तपासून घ्या. या पॅकेजमधून तुमच्या घराला मिळालेली ही खरी कामाची माहिती आहे.

आता ज्या दोन आकड्यांनी माझी झोप उडाली असती त्यांच्याकडे येतो. एचबीए१सी ९.१ आणि एलडीएल ९२.

मधुमेह हा रीस्टेनोसिसचा सगळ्यात जुना आणि सगळ्यात खात्रीचा सोबती आहे. मधुमेह्यांच्या नळ्या मुळात बारीक आणि लांबवर खराब झालेल्या असतात, आणि जखम भरताना त्यांच्या स्नायुपेशी अधिक जोमाने वाढतात. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका निरीक्षणात मधुमेही रुग्णांत अँजिओप्लास्टीच्या वेळी एचबीए१सी ७ च्या आत असणाऱ्यांपैकी १५ टक्क्यांना वर्षभरात त्याच नळीवर पुन्हा काम करावं लागलं. ज्यांचं ७ च्या वर होतं त्यांच्यात हे प्रमाण ३४ टक्के होतं. हे निरीक्षण आहे, प्रयोग नव्हे. ज्यांची साखर नीट असते ते लोक इतर बाबतींतही काळजी घेतात, हे त्यात मिसळलेलं आहे. पण ९.१ खाली आणायला त्याहून मोठ्या पुराव्याची गरज नाही. मूत्रपिंडं, डोळे, पाय, सगळेच त्या आकड्याची वाट पाहत आहेत.

एलडीएल ९२ हा तर फसवा आकडा आहे. अटॅकनंतर एलडीएल काही आठवडे आपोआप खाली जातं, शिवाय स्टॅटिन नुकतंच सुरू झालेलं. सहा आठवड्यांनी पुन्हा तपासा. युरोपीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार बाबांसारख्या रुग्णाचं एलडीएल ५५ च्या खाली हवं, लिपिड असोसिएशन ऑफ इंडिया तर ५० च्या खाली म्हणते. स्टेंटशी याचा थेट संबंध आहे. औषधी स्टेंटमध्ये काही वर्षांनी, वाढलेल्या सायीतच कोलेस्टेरॉल साठून नवा आजार सुरू होतो. पहिल्या वर्षी सुटलो म्हणजे कायमचे सुटलो असं म्हणूनच धरता येत नाही. स्टॅटिनचा पूर्ण डोस आणि गरज पडली तर त्यासोबत इझेटिमाइब, याबद्दल डॉक्टरांना स्पष्ट विचारा.

तुम्ही विचारलंत की याहून नेमकी तपासणी आहे का. शोध जोरात चालू आहे. साध्या सीबीसीतून निघणारं न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइटचं गुणोत्तर, प्लेटलेटचा सरासरी आकार, युरिक ॲसिड, फायब्रिनोजेन, इंटरल्युकिन-६, भिंतीचं जाळं विरघळवणारं एमएमपी-९ हे विकर, आणि अलीकडे मायक्रो-आरएनए नावाचे अतिसूक्ष्म तुकडे. यातला मायक्रो-आरएनएचा धागा मला शास्त्र म्हणून फार सुंदर वाटतो, कारण त्यातले काही, उदाहरणार्थ १४३ आणि १४५ क्रमांकाचे, स्नायुपेशीने शांत राहायचं की वाढायचं हेच ठरवतात. पण आज तुमच्या शहरातली लॅब ते मोजून देऊ लागली तरी त्या आकड्याचं काय करायचं ते मला ठाऊक नसेल.

या शोधनिबंधांमध्ये एक अडचण वारंवार भेटते, ती समजून घेण्यासारखी आहे. बहुतेक अभ्यास एकाच रुग्णालयातले, मागच्या नोंदी चाळून केलेले असतात. दुसऱ्यांदा अँजिओग्राफी कोणाची होते? ज्याला त्रास झाला म्हणून तो परत आला त्याची. जे मजेत आहेत ते आलेच नाहीत, त्यामुळे ते हिशोबातच नाहीत. शिवाय प्रत्येक निबंध स्वतःच्याच रुग्णांवर बेतलेली सीमारेषा काढतो, एकाची २.२ तर दुसऱ्याची ३.६. मग तुमच्या बाबांना कुठली लावायची?

आणि समजा उद्या एखादी बऱ्यापैकी चांगली तपासणी निघाली. ज्यांचा स्टेंट अरुंद होणार आहे अशा १०० पैकी ७० जणांना ती पकडते, आणि ज्यांचा होणार नाही अशा १०० पैकी ७० जणांना मोकळं सोडते. १००० रुग्ण घ्या. आजच्या औषधी स्टेंटनंतर त्यांतल्या ७० जणांत रीस्टेनोसिस होईल असं धरा. तपासणी त्यातले ४९ पकडेल. पण उरलेल्या ९३० चांगल्या लोकांपैकी २७९ जणांनाही ती ‘धोका’ असा शिक्का मारेल. म्हणजे शिक्का बसलेल्या ३२८ पैकी फक्त ४९ जणांत, शंभरात १५ जणांत, भाकीत खरं ठरेल. बाकीची २७९ घरं वर्षभर धास्तीत, त्यातली काही पुन्हा अँजिओग्राफीच्या टेबलावर. स्टेंट जितके चांगले होत जातील तितकं हे गणित तपासणीच्या विरोधात जाईल.

धोका कळला तर लवकर अँजिओग्राफी करून फायदा होईल, असंही वाटतं. कोरियात २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या पोस्ट-पीसीआय अभ्यासात जास्त जोखमीचे १७०६ रुग्ण घेतले होते. निम्म्यांची वर्षभराने ठरवून स्ट्रेस टेस्ट केली, निम्म्यांची फक्त त्रास झाला तर. दोन वर्षांनी मृत्यू, अटॅक किंवा छातीदुखीसाठी भरती यांत दोन्ही गटांत फरक पडला नाही, ५.५ आणि ६ टक्के. त्रास नसताना ‘एकदा बघून घेऊ’ म्हणून केलेल्या अँजिओग्राफीला मी म्हणूनच नाही म्हणतो. पडद्यावर ५५ टक्के अरुंदपणा दिसला की नातेवाइकांना आणि डॉक्टरांनाही तो तसाच सोडणं अवघड जातं, आणि ज्या स्टेंटने कधीच त्रास दिला नसता तिथे दुसरा स्टेंट जातो.

रक्तापेक्षा जास्त सांगणारी एक गोष्ट मात्र आहे आणि ती बाबांच्या फाइलमध्येच असेल. काही वर्षांपूर्वी एक शिक्षक माझ्याकडे आले. दुसरीकडे स्टेंट टाकून आठ महिने झालेले, जिना चढताना छाती दाटून यायची. सीआरपी ०.६, साखर नाही, एलडीएल ४८. रक्ताचा कागद बघून कोणीही पाठ थोपटली असती. ओसीटीचा बारीक कॅमेरा नळीत सरकवला. वरचा भाग गोल, मोकळा. मग मध्यावर एका बाजूला कॅल्शियमचा जाड काळपट पट्टा आला आणि त्याच्या दाबाने स्टेंट तिथे भाकरी दुमडावी तसा चपटा राहिलेला. वर-खाली ७ चौरस मिलिमीटर जागा आणि तिथे जेमतेम ३. त्या चिमटीत थोडीशी साय धरली आणि नळी बंद व्हायला आली. स्टेंट पुरेसा फुललाच नव्हता. आतून आयव्हस (नळीच्या आतली सोनोग्राफी) किंवा ओसीटीने बघून, अंदाजे ५.५ चौरस मिलिमीटरपेक्षा जास्त जागा मिळवून टाकलेला स्टेंट अरुंद होण्याची शक्यता बरीच कमी असते. कुठलाही सीआरपी हे सांगू शकला नसता.

म्हणून पुढच्या भेटीत डॉक्टरांना रक्ताच्या पॅकेजऐवजी हे विचारा: स्टेंटचा व्यास किती, नंतर कडक फुग्याने पुन्हा फुलवला का, आयव्हस किंवा ओसीटी वापरलं का, नळीत कॅल्शियम होतं का, फांदीच्या तोंडावर काम झालं का. डिस्चार्ज कार्ड, स्टेंटचं स्टिकर लावलेला कागद आणि अँजिओची सीडी घरात एकाच पिशवीत ठेवा. पुढे कधी गरज पडली तर हे सगळं पाहणाऱ्या डॉक्टरांचा अर्धा शोध तिथेच संपतो.

रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या कोणी सांगितलं म्हणून, दाढ काढायची म्हणून किंवा उपवास आहे म्हणून परस्पर थांबवू नका. मी वर सांगितलेला पहिला, तासाभरात जीव घेणारा प्रकार त्यांनीच टळतो. बाबांना रोज चालायला लावा आणि ते किती चालतात हे मनात ठेवा. कालपर्यंत चौकापर्यंत सहज जाणारा माणूस आज अर्ध्या वाटेत थांबून छातीवर हात ठेवू लागला, किंवा अटॅकच्या वेळी झालं होतं तसंच जबड्यात, डाव्या हातात किंवा पोटाच्या वर दाटून आलं, तर दुसऱ्या दिवशीची अपॉइंटमेंट घेऊ नका, त्याच दिवशी दाखवा. बसल्या जागी दुखलं आणि थांबलं नाही तर थेट इमर्जन्सीत. मधुमेह्यांना दुखणं कधी कधी जाणवतच नाही, नुसता दम लागतो किंवा घाम येतो, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

आणि रीस्टेनोसिस झालंच, तरी आज त्यावर इलाज आहे. आतून बघून कारण शोधायचं, स्टेंट चपटा असेल तर फुलवायचा, साय असेल तर औषध लावलेल्या फुग्याने किंवा दुसऱ्या औषधी स्टेंटने नळी उघडायची. त्या शिक्षकांचा स्टेंट आम्ही आतल्या कॅल्शियमला तडे देऊन पूर्ण फुलवला. मागच्या महिन्यात ते फॉलोअपला आले तेव्हा आमच्या तिसऱ्या मजल्यावर लिफ्ट न घेता चालत आले होते.